गाड्या ओलांडतात, बैल नाही

लोक म्हणतात, तात्या थापा मारतो. साफ खोटं. मी थापा मारत नाही. घडलेल्या गोष्टीला मी जरा खायला-प्यायला घालतो, ती अंगानं भरते, इतकंच. संपादकांनी मला बजावलंय, "तात्या, खरं तेवढंच लिहा." म्हटलं, मग दोन पानांत आटपेल. ते म्हणाले, आठ पानं मोकळी ठेवलीत. तेव्हा वरच्या सहा पानांची जबाबदारी त्यांची.

मी सोलापुरात गाडीदलाल होतो. मालमोटारी रस्त्यावर आल्यापासून हा धंदा काय होता हेच सांगावं लागतं. व्यापाऱ्याकडं माल असतो, गाडीवाल्याकडं गाडी असते आणि दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नसतो. त्या दोघांच्या मधे जो उभा राहतो तो दलाल. माल भिजला की व्यापारी माझ्या नावानं ओरडणार, बैल बसला की गाडीवाला. दोघंही ओरडले नाहीत असा दिवस उजाडला तर आम्ही तो सण धरायचो.

माझं दुकान म्हणजे भवानी पेठेच्या कडेचं एक लिंबाचं झाड, त्याखाली एक बाज आणि माझा घसा. गाड्या हव्या असल्या की मी बाजेवर उभा राहून हाक मारायचो. एकदा वारा अनुकूल होता, तर हाक अक्कलकोटपर्यंत गेली आणि तिथली माणसं "कोण गेलं हो?" म्हणून विचारायला आली. आली ती आली, वर जेवूनही गेली.

आता त्या काळचा मुलूख समजून घ्या. सोलापूर इंग्रजांचं. पूर्वेला काही कोस गेलं की निजामाची हद्द, तिला आम्ही मोगलाई म्हणायचो. दक्षिणेला अक्कलकोटचं संस्थान, त्याचा राजा निराळा. सकाळी निघालेला माणूस दिवस मावळायच्या आत तीन सरकारांची माती पायाला लावून घरी येई. नाणं निराळं, शिपाई निराळे, सलामाची तऱ्हा निराळी. आणि काळ कसा? आज गिरण्यांत संप, उद्या बाजारात हरताळ, परवा चौकात गोरे सोजीर. एका सालात तर शहरात लष्करी कायदा आला आणि पांढरी टोपी घालायची चोरी झाली. पलीकडं मोगलाईतही तिचं कौतुक नव्हतंच. मग आमचे काही पठ्ठे हद्दीच्या ओढ्यात मधोमध उभे राहायचे, कमरेची टोपी काढून डोक्यावर ठेवायचे, विडी संपेपर्यंत स्वराज्य भोगायचे आणि टोपी पुन्हा कमरेला खोचून पुढं व्हायचे.

तो ओढा म्हणजे नळदुर्गच्या वाटेवरचा बाभळीचा ओढा. अलीकडची माती इंग्रजांची, पलीकडची निजामाची आणि मधलं पाणी म्हशींचं. माझा सगळा धंदा त्या पाण्यावर उभा होता, कारण तिथं आमची एक रीत चाले. तिला खांदेबदल म्हणत.

आमचे बैल भरलेली गाडी ओढ्यापर्यंत आणायचे. तिथं त्यांच्या मानेवरचं जू उतरवायचं. पलीकडचे गाडीवाले आपले बैल जुंपून आमची गाडी पुढं न्यायचे. त्यांची तुरीनं किंवा करडईनं भरलेली गाडी आमच्या बैलांना जुंपून आम्ही सोलापूरला आणायचो. आठ-दहा दिवसांनी गाड्या परत ओढ्यावर, परत अदलाबदल. गाड्या ओलांडायच्या, बैल नाही. नाक्यावर जनावरामागं पट्टी होती, रोगाची शंका आली की जनावर अडकवून ठेवीत, आणि बैलाला आपल्याच वाटेचे खड्डे ओळखीचे असतात. ही झाली नाकेदाराला सांगायची कारणं.

खरी खुबी पुढं आहे. या रीतीनं त्यांच्या दहावीस गाड्या कायम आमच्या दारात उभ्या, आणि आमच्या तेवढ्याच त्यांच्या दारात. इकडं दगडफेक होवो, तिकडं दंगा होवो, कुणी कुणाच्या गाडीला बोट लावत नसे. लावणार कसं? आपली गाडी त्याच्या अंगणात उभी आहे की! दोन सरकारांना कागदावर सह्या करून जे जमत नव्हतं ते आम्ही दोन चाकांवर जमवलं होतं. ही अक्कल पलीकडच्या चाँदसाहेबाची आणि माझी. म्हणजे रीत आमच्या आज्यांच्या वेळची आहे, पण आज्यांना अंकात लिहायला कोण सांगतंय?

चाँदसाहेब हा पलीकडच्या गाडीवाल्यांचा मुकादम. माझ्याच धंद्यातला, माझ्याच वयाचा, मेंदी लावलेली दाढी आणि तिखट जीभ. मी दहा वाक्यं बोलायचो तेव्हा तो एक बोलायचा आणि माझी दहाही वाया जायची. त्याच्या मुलखातल्या एका देशमुखानं सोलापुरात पितळी कड्यांचा झोपाळा घेतला. लाकडाला चीर जाईल म्हणून तो गाडीत टांगूनच न्यायचा, असा हट्ट. टांगला. रिकामा झोपाळा हेलकावे खात गाडी मोडेल म्हणून मी स्वतः त्यावर बसलो. नाक्यावरचा जमादार गोंधळला, हा माल की उतारू? तेवढ्यात ओढ्यापलीकडून चाँदसाहेब ओरडला, "जमादारसाब, झोपाळा माल है, और ऊपर बैठ्या सो कचरा है! कचरेकू पट्टी नै लगती!" जमादारानं सोडलं. अपमान झाला खरा, पण फुकटात झाला.

असा हा माणूस, आणि त्याचं-माझं बोलणं एक महिनाभर बंद पडलं. त्याची हकीकत सांगतो. चूक माझी होती, हे आधीच सांगून मोकळा होतो, नाहीतर लिहिता लिहिता मी ती दुसऱ्या कुणावर ढकलीन.

दसऱ्याला दीड महिना होता. पलीकडच्या गावी उरूस भरला आणि उरसात कुस्त्यांचा फड. शेवटची जोड मोठी. आमच्या भवानी पेठेतल्या तालमीचा हुसेन आणि त्यांचा खंडू धनगर. हुसेन म्हणजे दोन पायांवर उभा केलेला दगडी रांजण. खंडू अंगानं कमी, पण सापासारखा. पंच तिघं. त्यांतला एक मी. गाडीवाल्यांचे मुकादम आणि दलाल फडाला नारळ-फेटे देत, म्हणून पंचाचा मान. पंचाचं काम सोपं. दोन्ही खांदे मातीला टेकले की पाठ लागली, कुस्ती संपली.

कुस्ती अर्धा तास चालली. मी घरी एक प्रहर म्हणून सांगत असे. शेवटी खंडूनं हुसेनला असा उलटला की धुरळा उडाला आणि दोन पंचांना काही दिसेना. डोळ्याचं पातं लवावं इतका वेळ गेला, आणि त्याच झटक्यात हुसेननं अंग फिरवून खंडूला खाली घेतलं. आता वर हुसेन, खाली खंडू. धुरळा बसला.

पंचांनी मला विचारलं, "तात्या, तुमच्या बाजूला झालं. आदी हुसेनची पाठ लागली का?"

अख्खी भवानी पेठ माझ्या मागं उभी होती. "हुसेन! हुसेन!" चाललं होतं. मी उभा राहिलो आणि माझ्या त्या प्रसिद्ध आवाजात सांगितलं, "पाठ? अहो, अर्धा हात वर होता खांदा! खालून मांजर गेलं असतं!"

लागली होती. दोन्ही खांद्यांना माती होती, मी स्वच्छ पाहिली होती.

पुढचं काय सांगू? हुसेनच्या डोक्याला फेटा, आमच्या लोकांच्या आरोळ्या, मग एक शिवी, मग एक ढेकूळ, मग काठ्या. माणसं लंगडली, डोकी फुटली. मरण कुणाला आलं नाही ही देवाची आणि पीराची मिळून कृपा. मी त्या धामधुमीत कडब्याच्या गंजीवर चढून तिथून शांततेचं आवाहन केलं. काही लोक म्हणतात, गंजीत लपलो होतो. आवाहन आतूनही करता येतं.

काही रिकामटेकड्यांनी या भांडणाला धर्माचा रंग फासायचा घाट घातला. पण तो बसेना. आमचा पैलवान मुसलमान, त्यांचा धनगर, त्यांचा मुकादम मुसलमान आणि आमचा दलाल मी, मराठ्याचा. धर्मावरून भांडायचं तर कुणी कुणाच्या बाजूला उभं राहायचं तेच ठरेना. ते रिकामटेकडे दोन दिवसांनी कंटाळून निघून गेले. राहिलं ते अलीकडचं-पलीकडचं भांडण, आणि ते त्याहून चिवट.

फडाच्या दिवशी आमच्या बावीस गाड्या त्यांच्याकडं होत्या, त्यांच्या बावीस आमच्याकडं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, गाड्या मिळणार नाहीत. त्यांनी आमच्या गाड्यांच्या चाकांच्या कुण्या काढून घेतल्या. कुणी म्हणजे चाक आखातून निसटू नये म्हणून घातलेली वीतभर लोखंडी खीळ. ती काढली की गाडी जाग्यावर मेली. आमच्या लोकांनी त्यांच्या गाड्यांच्या कुण्या काढल्या. खांदेबदल बंद. आज्यांच्या वेळची रीत मी एका मांजराच्या वाटेनं घालवली.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. उभ्या गाडीचं लाकूड उन्हात आक्रसतं आणि चाकाची लोखंडी धाव ढिली होते. म्हणून चाकांवर पाणी मारावं लागतं. आमचे गाडीवाले दिवसभर मोगलाईवाल्यांच्या आयाबहिणी काढायचे आणि ऊन तापलं की त्यांच्याच गाड्यांच्या चाकांवर घागरी ओतायचे. मी विचारलं तर म्हणाले, "भांडान मानसांचं हाय तात्या. गाडीनं काय केलंय?"

आता यात अडकलं कोण, तर पेठेतले विणकर. तेलंगणातून आलेली ही कुटुंबं, घरोघर माग. नरसय्या अण्णा त्यांच्यातला जाणता. दसऱ्यासाठी त्याच्या बोळातल्या सगळ्या मागांवर एकच माल व्हायचा, काळ्या-हिरव्या अंगाची नऊवारी लुगडी, त्याला वीतभर रुंद लालभडक काठ. हा काठ फक्त मोगलाईतल्या बायका नेसत. आपल्या शहरातली बाई त्याला हसायची, "एवढा काठ? लुगडं नेसायचं का सतरंजी?" म्हणजे हा माल पलीकडच्या दसऱ्याच्या बाजारात गेला तर गेला, नाहीतर बोळातल्या घरांनी तो उशाला घेऊन झोपायचं. रेल्वेनं पाठवावा तर त्या गावांना रेल्वे नाही. दुसऱ्या गाड्या करून पाठवावा तर ओढ्यापलीकडं चाँदसाहेबाची माणसं बसलेली. सोलापूरची गाडी दिसली की वाट बंद.

मी तोंडाचा धंदा करणारा माणूस, तेव्हा तोंडानं सुरुवात केली. आधी खडीसाखर आणि गोड निरोप पाठवला. खडीसाखर राहिली, निरोप परत आला. मग सांगून पाठवलं, तात्या तापानं फणफणलाय, जगतोय की नाही शंका, एकदा भेटून जा. उलट्या टपालानं एरंडेलाची बाटली आली आणि सोबत तोंडी सांगावा, "दो चमचे ले. झूट सब निकल जाएगा."

बाटली मी बाजेखाली सरकवली. याला फडातलं खरं माहीत आहे, हे तेव्हा कळलं.

तिसऱ्या खेपेला त्यानंच निरोप धाडला. "सगळ्या गाड्या लेके ओढ्यापो आव. हम भी लाते. एक की एक बदलेंगे. पर पैले पंच पानी में खड़ा रहके बोलेगा, आँखां से क्या देख्या." मी आमच्या गाडीवाल्यांना निरोपाचा पहिला भाग सांगितला आणि दुसरा गिळला. म्हटलं, चाँदसाहेब अजून अडून बसलाय, बघू.

बघू बघू करत आठ दिवस गेले. पंचानं दिलेला निकाल पंचानं फिरवायचा म्हणजे भर बाजारात धोतर सोडण्यासारखं. पुन्हा ज्या धंद्यात माझा शब्द हाच माझा माल, तिथं शब्द नासका निघाला म्हणून मीच डांगोरा पिटायचा? दिवसा मी बाजेवर बसून शहरातल्या संपाची बातमी दुप्पट करून सांगायचो आणि बोळाकडं पाठ करायचो. बोळातून मागांचा खटखटाट येणं कमी कमी होत चाललं होतं. घरं मालानं भरली होती, नवा धागा ताणायला हात होईना.

एका सकाळी लक्ष्मव्वा आली. नरसय्या अण्णाची बायको. कांड्या भरून भरून बोटांना घट्टे पडलेले, आणि आवाजात माझ्यापेक्षा दोन सूर वर. तिच्या मागं बोळातल्या दहा-बारा बाया. तिनं काखेतलं लुगडं झटकन उलगडलं आणि बाजेवर बसलेल्या माझ्या अंगावर टाकलं.

"घे. नेस!" ती म्हणाली.

"अगं लक्ष्मव्वा..."

"नेस की! पलीकडच्या बायका नेसनार न्हाईत तर तू नेस. बोळात अजून लई हायत. एक तुला, एक तुज्या पैलवानाला. दसऱ्याला दोगं जोडीनं सोनं वाटत फिरा!"

बाया हसल्या. गाडीवालेही हसले, माझ्याकडं न बघता.

नरसय्या अण्णा मागून हळूच आला. तो कधी आवाज चढवत नसे. म्हणाला, "तात्या, बारा दिवस राहिले बाजाराला. आमच्या लोकांनी विचार केलाय. या साली माल ऱ्हायला तर निमी घरं माग सोडून मुंबईला जातील. गिरनीत. मग पुढल्या साली गाड्या मिळाल्या तरी गाडीत घालायला काय आनू?"

मी म्हटलं, "अण्णा, मी प्रयत्नांची शिकस्त करतोय. काल रात्रभर..."

"तात्या," तो म्हणाला, "रात्री तू घोरत हुतास. आमच्या बोळात ऐकू येतंय."

ती मंडळी गेली. लुगडं माझ्या मांडीवर तसंच. समोरून हुसेन आला. उरसापासून तो फारसा दिसला नव्हता. एरवी फेटा मिळालेला पैलवान दोन महिने तो डोक्यावरून उतरवत नाही, झोपताना पायाशी ठेवतो. हुसेन बोडका होता. फेटा कापडात बांधून हातात धरलेला.

माझ्यासमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, "तात्या, चलो ओढ्यापो."

"कशाला?"

"चाँदसाबका निरोप क्या है, मेरेकू मालूम. त्यांच्या नाक्यावरच्या मानसानं सांगितलं."

मी माझा नेहमीचा आवाज काढला. "हुसेन, तुला काय ठाऊक? धुरळा होता. खांदा वर होता. मी डोळ्यानं..."

त्यानं मला पुढं बोलू दिलं नाही. एवढा मोठा गडी, पण अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "तात्या, पीठ मेरी है. मेरेकू मालूम नै क्या, मिट्टी लगी की नै?"

आयुष्यात तीन वेळा मी निरुत्तर झालोय. उरलेल्या दोन वेळा बायकोपुढं.

"मग त्याच वेळी का बोलला नाहीस रे?" मी विचारलं.

"तुम बड़े. तुमने बोल दिया. पूरा पेठ खांदे पो उठाया. मैं कैसा काटूं तुमारी बात?" तो म्हणाला. "अब तुमीच काटो."

तिसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या बावीस गाड्यांना कुण्या घालून ओढ्यावर आणल्या. आमच्या माणसांना मी वाटेतही काही सांगितलं नाही. पलीकडं आमच्या बावीस गाड्या रांगेत उभ्या होत्या. दोन्ही काठांवर माणसं, दोन्हीकडं काठ्या. टळटळीत दुपार. पाणी घोट्याच्या वर, मधोमध गुडघ्याला. चाँदसाहेब पलीकडच्या काठावर एका धोंड्यावर बसला होता. त्याच्या शेजारी खंडू धनगर, हाताची घडी घालून.

मी धोतर खोचून पाण्यात उतरलो आणि मधोमध उभा राहिलो. सवयीनं गळा साफ केला. "मंडळी! आपल्या वाडवडलांनी, ज्या काळी या ओढ्याला महापूर आला होता आणि त्यात हत्ती..."

"हत्ती नक्को," चाँदसाहेब म्हणाला.

"बरं. पण त्या दिवशी धुरळा असा होता की सूर्य..."

"सूरज भी नक्को. तात्या, इत्ताच बोल, तेरी आँखां ने क्या देख्या."

मी मागं पाहिलं. आमचे गाडीवाले माझ्याकडं छाती काढून बघत होते. त्यांना वाटत होतं, आता तात्या यांना असा धुवून काढील की हे आपणहून गाड्या देतील. त्यांच्या मागं नरसय्या अण्णा लुगड्यांच्या गठ्ठ्यांवर हात ठेवून उभा होता. गठ्ठे त्यानं आणलेच होते. माझ्या आधी त्यानं माझ्यावर भरवसा टाकला होता.

मी म्हणालो, "लागली होती. हुसेनची पाठ. दोन्ही खांदे. मी बघितलं आणि न्हाई म्हणालो."

एवढंच. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण. आणि माझा तो अक्कलकोटपर्यंत जाणारा आवाज त्या दिवशी जेमतेम पलीकडच्या काठापर्यंत पोचला.

मग आमच्या काठावरून आमचाच एक म्हातारा गाडीवाला पाण्यात थुंकला. "आमी हिच्यासाठी डोकी फोडून घेतली व्हय?" त्यानं हातातली काठी टाकली आणि चालायला लागला. त्याच्या मागं आणखी दोघं गेले. चांगले गाडीवाले होते, बापासारखे. पुन्हा ते माझ्या लिंबाखाली कधी आले नाहीत. मी त्यांच्या दारी जाऊन पाय धरले तरी नाही. आज त्यांच्यातलं कुणी हयात नाही, आणि ही एक गोष्ट मला फुगवूनही सांगता येत नाही, कमी करूनही नाही.

तेवढ्यात पाण्यात धपाधपा पावलं वाजली. हुसेन. माझ्या अंगावर पाणी उडवत तो सरळ पलीकडं गेला, कापड सोडलं आणि फेटा खंडूपुढं धरला. दोन्ही काठांवर काठ्या वर झाल्या. खंडूनं फेट्याकडं पाहिलं, हुसेनकडं पाहिलं.

"मला नगं त्यो," खंडू म्हणाला. "हातात दिल्याला फेटा कोन घेतंय? फुडल्या उरसाला पुन्यांदा धर. तवा डोक्यावर घीन."

"और तू गिऱ्या तो?" हुसेननं विचारलं.

"मग तू घी. पर ह्यो पंच नगं!"

आधी पलीकडं कुणीतरी फिसकन हसलं, मग अलीकडं. त्या हसण्यात काठ्या कधी खाली आल्या ते कुणाला कळलं नाही. चाँदसाहेब धोंड्यावरून उठला, ओढ्यात उतरला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, गळ्यात पडतो. तो म्हणाला, "पानी में कित्ता खड़ा रैंगा? हो बाजू. गाड्या जाने दे."

खांदेबदल सुरू झाला. आमच्या गाड्या महिन्याभरानं अलीकडं आल्या तेव्हा मी पहिल्या गाडीच्या चाकावर हात फिरवला. लाकूड ओलं होतं, धाव घट्ट, आखाला ताजं वंगण. त्यांनीही महिनाभर शिव्या दिल्या होत्या आणि पाणी मारलं होतं. तोच ओला हात मी तोंडावरून फिरवला. लोकांना वाटलं, तात्याला ऊन लागलं.

लुगड्यांच्या गठ्ठ्यांसाठी आम्ही आलेल्यांतल्याच चार गाड्या लगेच फिरवल्या, त्यांचे बैल जुंपले, आणि दिवस कलायच्या आत त्या पलीकडच्या चढावर लागल्या. नरसय्या अण्णा स्वतः पहिल्या गाडीवर बसून गेला. त्या आधी तो कधी ओढ्यापलीकडं गेला नव्हता.

पंचाचा मान माझा त्या दिवशी संपला. मोगलाईत संपला आणि भवानी पेठेतही संपला. पुढं कितीतरी वर्षं फडाला मी आलो की लोक मला लांबची जागा काढून देत, जिथून खांदा दिसायचा नाही. पण एक सांगतो, आणि यात पदरचं काही घालत नाही. पुढं शहरात याहून वाईट दिवस आले, पलीकडं त्याहून वाईट आले, पण तो ओढा बंद पडला नाही. दोन्हीकडची माणसं म्हणायची, तात्या काय वाटेल ते बोलतो, पण पाण्यात उभा केला तर खरं बोलतो. तेवढी कमाई मला पुरली.

दसऱ्याच्या बाजाराला मी मुद्दाम गेलो. पालाखाली नरसय्या अण्णा आणि लक्ष्मव्वा बसली होती. तिनं नवऱ्याला एकट्याला परमुलखात ठेवायला नकार दिला होता आणि ती मागून दुसऱ्या गाडीनं आली होती. बाजारभर लाल काठ हिंडत होते. बाया काठ बोटांनी मोजून बघत होत्या आणि लक्ष्मव्वा तेलुगू, मराठी आणि हातवारे अशा तीन भाषांत भांडत होती. दुपारपर्यंत पाल रिकामं झालं. ती घोंगडी झटकत मला म्हणाली, "तात्या, फुडल्या साली काठ आजून दोन बोटं वाडवू का?" मी म्हटलं, वाढव.

शेजारी चहाच्या पालात चाँदसाहेब बसला होता. मी त्याच्याजवळ टेकलो. भोवती त्याच्या गावची माणसं. कुणीतरी ओढ्याची गोष्ट काढली आणि माझी जीभ वळवळली. म्हटलं, "अरे, तुम्ही काय बघितलंय? त्या दिवशी त्या दोन काठांवर पाच हजार माणूस काठ्या घेऊन उभं होतं. पाच हजार! आणि मधे मी एकटा."

एक म्हातारा संशयानं माझ्याकडं बघत चाँदसाहेबाला म्हणाला, "मुकादम, तुमी हुताव की तितं. खरंच पाच हजार हुते का हो?"

ऐंशीच्या वर माणूस नव्हतं. मी श्वास धरला. चाँदसाहेबानं बशीतला चहा संपवला, दाढीवरून हात फिरवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "पाँच? नै नै. छे हजार थे."